मागचा ब्रेक

१

पांढरकवड्याला हैदराबादच्या सडकेवर ज्या गॅरेजात मी ट्रक दुरुस्त करायचो, ते शुक्रवारी बंद असायचं. त्या दिवशी सकाळी मी घरीच, अंगणातल्या बोरीखाली गोणपाट टाकून फटफट्या उघडून बसायचो. फटफट्या तरी किती? १९६४ साली आमच्या सगळ्या तालुक्यात सात-आठ असतील. त्यातली एक मुकुटबनच्या भगवानरावांची.

भगवानराव कापूस-ज्वारीचे शेतकरी, वय चाळिशीचं, तोंडात कायम सुपारी. चार वर्षांचे असताना ताप आला आणि त्यांच्या डाव्या पायातलं बळ गेलं, ते परत आलं नाही. काठीशिवाय दोन पावलंही चालता यायचं नाही. पण त्या जातीच्या गाडीला गिअर उजव्या पायात होता आणि किकही उजव्याच पायाने मारायची. डाव्या पायाला काम एकच, मागचा ब्रेक. तेवढं सोडून दिलं तर माणूस एका पायावर ती गाडी चालवू शकत होता. भगवानराव पुढच्या, हाताच्या ब्रेकवर भागवायचे. काठी मागे दोरीने बांधलेली असायची.

दिवाळी होऊन गेली होती. भगवानराव आले आणि गाडीवर बसूनच म्हणाले, "कय्युमभाई, मागचं चाक जड चालून राह्यलं. पाहा बरं."

मी गाडी स्टँडवर चढवली आणि चाक हाताने फिरवलं. एक फेरा झाला की घस्स, दुसऱ्या फेऱ्याला पुन्हा घस्स. चाक काढून ड्रम उघडला. आतल्या दोन्ही ब्रेक-शूंवरचं, ड्रमला घासून चाक थांबवणारं लायनिंग संपून ते धरून ठेवणारे तांब्याचे रिबेट उघडे पडले होते. ते लायनिंग मीच दसऱ्याला नवं मारलं होतं. आमच्या कच्च्या रस्त्यांवरही असं लायनिंग दोन वर्षं चालतं.

"ब्रेक लई मारता वाटते," मी म्हणालो.

भगवानराव हसले. "कायनं मारू? ह्या पायानं?" त्यांनी दोन्ही हातांनी धोतरासकट डावा पाय उचलला आणि सोडून दिला. ओलं फडकं पडावं तसा तो पायदानावर पडला.

मीही हसलो. मग पुन्हा ड्रमकडे पाहिलं.

२

ब्रेक न मारता लायनिंग झिजू शकतं. पायडलपासून चाकापर्यंत जाणारा रॉड जास्त ताणलेला असला, किंवा शू पसरवणारा आतला कॅम गंजून अडकला, तर शू ड्रमला चिकटून राहतात आणि चाक फिरेल तसे घासत जातात. पण त्याची खूण मागे राहते. ड्रम तापून निळा पडतो, ग्रीस वितळून बाहेर येतं, जळल्याचा वास कितीतरी दिवस जात नाही.

हा ड्रम घासलेल्या कढईसारखा स्वच्छ होता. ग्रीस जागच्या जागी. रॉडला बोटभर ढील होती, कॅम हाताने फिरत होता. लायनिंगही सारखं झिजलं होतं, कुठे चरा नाही, ओरखडा नाही. नवखा माणूस ब्रेकवर लाथ मारतो, आणि त्याचा ड्रम उघडला की ते लगेच कळतं. हा ब्रेक कोणीतरी हळू, जपून, रोज दाबत होतं. पायडलच्या लोखंडावरच्या रेघासुद्धा मधोमध गुळगुळीत झाल्या होत्या.

मी मनाशी म्हणालो, पाय पायदानावर मोकळा पडलेला असतो, धक्क्याने सरकून पायडलवर जात असेल. भगवानरावांचा पाय उचलून पायडलवर ठेवून पाहिला. पायडल हललं नाही. त्या पायात तेवढं वजनच नव्हतं.

तरीही नवं लायनिंग मारलं, आणि ट्रकच्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा कापून, बक्कल लावून, त्यांची टाच पायदानाला बांधून टाकली.

"आता सरकला तर मले सांगा," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. बक्कल त्याच छिद्रात होतं. ड्रम उघडला, तर रिबेट उघडे.

३

मग मी ठरवलं की गाडी चालू असताना पाहायचं.

गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक जमिनीपासून वर. भगवानराव वर बसले, टाच बांधली. त्यांनी किक मारली, गिअर टाकला, आणि चाक हवेत फिरू लागलं. मी डाव्या बाजूला उकिडवा बसलो, डोळे पायडलपासून हातभर अंतरावर.

माझी बायको जैबुनबी चहा घेऊन आली. भगवानराव गाडीवरूनच तिच्याशी बोलू लागले. औंदा पोपटांनी ज्वारीची कणसं कशी फस्त केली, गोफण मारून खांदा कसा दुखून आला, असं काहीबाही. इंजिनाच्या आवाजावर ते मोठ्याने बोलत होते. जैबुनबी हसत होती. ऊन चांगलं वर आलं होतं.

डाव्या बुटाचं टोक उचललं गेलं.

टाच पट्ट्यात होती, तिथेच राहिली. पुढचा भाग उचलला, पायडलच्या वर आला, आणि थोडा थांबला. नेम धरल्यासारखा. मग खाली आला आणि पायडल दाबू लागला. एकदम नाही, हळूहळू, जसा मी स्वतः दाबतो. चाकाचा वेग उतरला, शू घासल्याचा आवाज आला, इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं.

अंगण एकदम शांत झालं.

"काहून बंद झाली?" भगवानरावांनी वरून विचारलं. त्यांच्या हातात कप होता. बशीत एक थेंबही सांडला नव्हता.

पाय अजून पायडलवर होता. मी पाहत असतानाच तो सैल पडला आणि बाजूला कलंडला.

मी पट्टा सोडला, बूट काढला. भगवानराव "काय झालं, काय झालं" म्हणत होते. तो पाय मी पहिल्यांदाच उघडा पाहत होतो. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या मापाचा, फिक्का, तळवा कणकेसारखा मऊ. कुठे घट्टा नाही की भेग नाही. जमिनीशी कधी गाठच न पडलेला पाय. मी पेचकसाचं टोक तळव्यावरून ओढलं. काही नाही. जोरात ओढलं. पांढरी रेघ उमटली.

"कळते काही?" मी विचारलं.

"काय कळते?" ते म्हणाले.

कापलेल्या कोंबडीचा पायही फडफडतो, मी स्वतःला सांगितलं. शीर असते, ती उडते. पण कोंबडीचा पाय नेम धरत नाही.

४

मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, ते आजही मला ठरवता येत नाही.

भगवानराव आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग पायाकडे. आणि मग तो पंचेचाळीस एकरांचा धनी माझ्या अंगणात हमसून हमसून रडायला लागला. "जिवंत हाय," एवढंच म्हणत होते. "छत्तीस वर्षांनी, कय्युमभाई. जिवंत हाय माहा पाय."

पुढच्या शुक्रवारी त्यांची बायको बेबीताई सोबत आली. ती बाई थोडं आणि नेमकं बोलायची. यवतमाळच्या डॉक्टराला दाखवून आले होते. डॉक्टराने गुडघ्यावर हातोडी मारली, सुई टोचली. पाय हलला नाही. तुम्हाला भास झाला, म्हणाला.

"भास नाई," बेबीताई म्हणाली. "म्या पाह्यलं न भाऊ. हे झोपले राह्यते अन् पाय हलते. चालल्यासारखा."

"मंग चांगलंच हाय ना ते," भगवानराव म्हणाले. पण त्यांचा आवाज मागच्या वेळसारखा नव्हता.

बेबीताई जैबुनबीकडे आत गेली तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. अंगणातली ती एक वेळ सोडली, तर पाय वाटेल तिथे ब्रेक मारत नव्हता. आता लक्ष ठेवल्यावर त्यांना कळलं होतं. मुकुटबनच्या रस्त्यावर, सागाचं जंगल लागतं तिथे एक साधा उतार आहे. उतार संपतो तिथे डाव्या हाताला बैलगाडीची जुनी चाकोरी जंगलात जाते. त्या जागेच्या आधी अर्ध्या फर्लांगावर पाय दाबायला लागतो. गाडी बरोबर चाकोरीच्या तोंडाशी मंदावते. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा.

"मले वाटे रस्ताच खराब हाय, म्हनून गाडी हळू होते. मी आपला गॅस वाढवून काढून घ्यायचो," ते म्हणाले. "पन ते तसं नाई. त्याले उतराचं असते तिथं."

"कोनाले?"

त्यांनी पायाकडे बोट दाखवलं नाही. बोट उचललं आणि परत मिटून घेतलं.

मी त्या दिवशी गाडीचा ब्रेक-रॉडच काढून घेतला. पायडल राहिलं, पण ते आता कशाशीच जोडलेलं नव्हतं. भगवानराव तसेही पुढच्याच ब्रेकवर चालवत होते. ब्रेकच नसला तर पाय काय दाबेल, असा माझा विचार. मिस्त्रीचं डोकं. बिघडलेला भाग सुटा केला की बिघाड संपला, असं मला वाटायचं.

५

पाच दिवसांनी, बुधवारी, मी दुपारचा जेवायला घरी आलो होतो. दारात फटफटी थांबल्याचा आवाज आला, पण कोणी आत येईना. मी बाहेर गेलो.

भगवानराव गाडीवर बसले होते. उजवा पाय जमिनीवर, दोन्ही हातांनी हँडल आवळलेलं, बोटं पांढरी. तोंडावर धूळ, आणि त्या धुळीतून घामाचे ओघळ. माझा पट्टा मधोमध तुटला होता. डाव्या बुटाचा तळ निम्मा फाटून लोंबत होता.

"उतरवा मले," ते म्हणाले.

मी आणि जैबुनबीने त्यांना धरून ओसरीवर आणलं. पाणी दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं.

"शुक्रवारी जाताना नुसतंच दाबून सोडून देल्लं त्यानं. आज उतार लागला," ते म्हणाले. "त्यानं पायडल दाबलं. गाडी थांबली नाई. मंग हानायले लागला. खटखट, खटखट. मी खाली पाहून राह्यलो, माहाच पाय, अन् मले कळून नाई राह्यलं काही. चाकोरी मागं गेली. मंग त्यानं पट्टा तोडला, अन् खाली टाकला सोताले. चालत्या गाडीतून, कय्युमभाई. जमीन धरत होता. मी पडता पडता वाचलो."

जैबुनबीने पदर तोंडाला लावला.

"इथंच राहा आज," मी म्हणालो.

"नाई. बेबी एकटी हाय घरी. मले पोहचवून द्या."

"उद्या एस.टी.नं जा ना."

"एस.टी. त्याच रस्त्यानं जाते. अन् एस.टी.त मले धरीन कोन?" त्यांनी माझं मनगट पकडलं. "तुमी धरसान."

मी हो म्हणालो. जैबुनबी मला आत बोलावून हळूच म्हणाली, "मत जाओ जी." मला तिचा राग आला. मोठा भला माणूस, रडकुंडीला आलेला, आणि ही अशी म्हणते.

६

मी आधी ब्रेक-रॉड परत बसवला, कारण आता चालवणार मी होतो. दोन्ही ब्रेक तपासले. भगवानरावांना मागच्या सीटवर बसवलं. त्यांनी आपलं उपरणं काढून माझ्या आणि त्यांच्या कमरेभोवती एकत्र गुंडाळलं, आणि म्हणाले, "गाठ तुमी मारा. तुमची गाठ पक्की राह्यते." मी पोटावर गाठ मारली. ट्रकवर ताडपत्री बांधताना मारतो ती.

दुपारचे दोन वाजले असतील. लख्ख ऊन. गावं मागे पडली, कापसाची बोंडं फुटलेली शेतं मागे पडली, सागाची झाडं लागली. पानगळीचे दिवस होते, रस्त्यावरही पानं होती. मला माझ्या पाठीला त्यांची छाती लागत होती, आणि तिचा ठोका कळत होता.

उतार आला. मी गॅस वाढवला. एकदाचं पार करून टाकायचं.

"आलं," भगवानराव माझ्या कानाशी म्हणाले.

गाडी डावीकडे ओढली गेली. मी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय ताठ बाहेर निघाला होता आणि बूट जमिनीवर घासत होता, धूळ उडत होती. हाड मोडेल, मला वाटलं. पायच उपटून जाईल. मी ब्रेक दाबला. मागचा, माझ्या डाव्या पायाने. थांबायचं नाही असं ठरवून आलो होतो आणि मीच थांबवली. बरोबर चाकोरीच्या तोंडाशी.

ते उतरले. गाठीने मला ओढलं, गाडी माझ्या खालून निसटून आडवी पडली आणि तिचं चाक फिरत राहिलं. मी धडपडून उभा राहिलो तोवर आम्ही चाकोरीत शिरलो होतो.

डावा पाय चालत होता. टाच, पंजा, टाच, पंजा, शहाण्यासुरत्या माणसासारखा. उजवा पाय, त्यांचा चांगला पाय, मातीत रुतून मागे रेटत होता. तोंड माझ्याकडे वळलेलं. "धरा! कय्युमभाई, धरा मले!" मी त्यांना पाठीमागून कवेत घेतलं, एका सागाच्या बुंध्याला पाय लावून रेटलं. मी ट्रकचं इंजिन साखळीने ओढून काढणारा माणूस. मी घसरत चाललो होतो.

बुंध्याजवळ तो फाटका बूट निघाला आणि मागे पडला.

जो पाय पुढे पडला तो मी अंगणात पाहिलेला नव्हता. भरलेला, काळा, रुंद. टाचेला खोल भेगा, त्यात माती. अंगठ्याचं नख जाड, पिवळं. अनवाणी चालण्यात जन्म गेलेल्या माणसाचा पाय. तो भगवानरावांच्या फिक्क्या, काडीसारख्या पोटरीला जोडलेला होता.

माझं डोकं बंद झालं. तेवढ्यात भगवानरावांनी ओरडणं थांबवलं. ते समोर पाहत होते.

पुढून पानं वाजली.

एकच पाऊल. मग थांबलं. मग पुन्हा एकच पाऊल, जड, उडी मारून टाकलेलं. दोन पावलांच्या मधे जे दुसरं पाऊल पडायला हवं, ते पडत नव्हतं. आवाज जवळ येत होता. सागाच्या बुंध्यांमधून, भर उन्हात, माणसाच्या उंचीचं काहीतरी दिसलं. एका बुंध्याआड वर झालं, खाली झालं. मग अलीकडच्या बुंध्याआड.

"भाऊ," भगवानराव अगदी हलक्या आवाजात म्हणाले. मला त्यांनी त्याआधी कधी भाऊ म्हटलं नव्हतं.

मी रस्त्यावर पोहोचलो तेव्हा गाडीचं चाक थांबलेलं होतं. मी गाडी उचलली आणि पांढरकवड्याच्या दिशेने निघालो. मागे पाहिलं नाही. मागून हाकही आली नाही.

७

चार दिवस शोध चालला. पोलीस, जंगलखात्याची माणसं, मुकुटबनची पोरं, पोडावरचे, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरचे, माग काढणारे कोलाम आदिवासी. मी पोलिसांना सांगितलं की भगवानराव लघवीला उतरले आणि आत गेले. काठी गाडीलाच बांधलेली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घाईत राहिली असेल. दोन रात्री मला ठाण्यावर बसवून घेतलं. मग सोडलं, कारण मी त्यांना मारावं असं काही कारण कोणाला सापडलं नाही.

लखीराम नावाच्या माग काढणाऱ्या माणसाने मला पुढे नेलं होतं. चाकोरीपासून अर्ध्या मैलावर एक नाला आहे, त्याची रेती ओली होती. लखीरामने काठीने दाखवलं. अनवाणी माणसाची पावलं, रुंद, डावं-उजवं, डावं-उजवं, सरळ पलीकडे गेलेली. घाई नसलेल्या माणसाची चाल. आणि त्यांच्या मागे एका बुटाचा ठसा, नुसता उजवा. एक ठसा, मग हातभर रेती कोरी, मग पुन्हा एक ठसा. प्रत्येक ठसा खोल. पलीकडे खडक लागला, तिथे दोन्ही संपले.

लखीरामने काठी खांद्यावर टाकली आणि त्या दिवसानंतर शोधायला आला नाही. भगवानराव कोणालाच मिळाले नाहीत.

महिन्याने बेबीताई आमच्या घरी आली. जैबुनबीने पाट दिला, ती बसली नाही. तिच्या हातात उपरणं होतं. चाकोरीतच पडलेलं सापडलं होतं, पोलिसांनी परत केलं होतं. ते तिने धुतलंही नव्हतं.

"भाऊ, पोलिसायले तुमी काय सांगतलं ते राहू द्या," ती म्हणाली. "त्यायले चालता येत नव्हतं, ते मले ठाऊक हाय. अन् त्या पायाचंबी ठाऊक हाय. मले एकच सांगा. तुमी धरलं होतं का त्यायले?"

"धरलं होतं," मी म्हणालो. "उपरण्यानं बांधून घेतलं होतं."

"मंग?"

"गाठ सुटली, ताई."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग जैबुनबीच्या खांद्याला हात लावला आणि निघून गेली. तिला तेवढ्यावर थोडं बरं वाटलं असावं. मीही तेव्हा तेच धरून बसलो, की बाईला बरं वाटलं.

ताडपत्रीची ती गाठ ओढून सुटत नाही. जितकी ओढाल तितकी आवळते. ती सोडायची तर मोकळं टोक शोधावं लागतं आणि दोन्ही हात लावून उलटं काढावं लागतं. त्या दिवशी ओढाताणीत गाठ बाजूला सरकून आवळली होती, म्हणून मला वेळ लागला. तेवढा वेळ भगवानराव मान वळवून माझ्या हातांकडे पाहत होते.